मुलीचं नाव ठरत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दोन महिन्यांची झाली. बाळंतपण माहेरी, सांगलीला झालं. आता आई आणि बाळ पुण्याला आली आहेत. बारसं दोनदा पुढे ढकललं, कारण नाव ठरत नाही. आईला मराठी मातीतलं, अर्थ असलेलं नाव हवं आहे. तिच्या यादीत मुक्ता, इंद्रायणी आणि शर्वरी आहेत. बाबांना छोटं, कुठल्याही देशात सहज म्हणता येईल असं नाव हवं आहे. त्यांची यादी मायरा, कियारा, शनाया. सासूबाई म्हणतात, पत्रिकेत ‘द’ आलाय तर ‘द’वरूनच ठेवा. नणंदेने दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून एक नवं नाव सुचवलंय. तोवर सगळं घर बाळाला छकुली म्हणतंय. आईने शेवटी लिहिलंय, ‘कुणाचं मन मोडायचं नाही, पण मला न आवडणाऱ्या नावाने जन्मभर लेकीला हाक मारायची वेळही यायला नको.’

मी शाळेत ३१ वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवलं. सुरुवातीला पालक नावाचा अर्थ विचारायला यायचे. मग नाव ठेवण्याआधीच यायला लागले, आणि निवृत्तीनंतर तर हेच माझं काम झालं. अशा बऱ्याच जोडप्यांबरोबर मी बसले आहे. त्या अनुभवावरून लिहिते. हे उत्तर तुम्ही दोघांनी मिळून वाचावं अशी इच्छा आहे.

आधी थोडा दिलासा. सरकारी बाजूने तुम्हाला घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती माहिती दवाखान्याकडूनच जाते. पण त्या नोंदीत नाव असलंच पाहिजे असं नाही. रकाना रिकामा ठेवूनही दाखला मिळतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. अवघड आहे ते एकदा चढलेलं नाव बदलणं. लिहिण्यातली चूक दुरुस्त होते, पण मन बदललं म्हणून दाखल्यावरचं नाव सहज बदलत नाही. राजपत्रात नाव छापून आणावं लागतं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ते दाखवत बसावं लागतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदारयादी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून दोन महिने गेले तर गेले. चुकीचं नाव घाईने लिहून येऊ नका.

पण फार लांबवूही नका, आणि त्याचं कारण बाळ स्वतः आहे. साडेचार महिन्यांची बाळं आपल्या नावाचा आवाज इतर शब्दांतून वेगळा ओळखतात, असं अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. अर्थ तेव्हा कळत नाही, पण हा आवाज आपल्यासाठी आहे हे जाणवायला लागतं. तो आवाज ‘छकुली’चा व्हायचा नसेल तर तुमच्या हातात अजून दोन-अडीच महिने आहेत. मी मुहूर्तापेक्षा ही मुदत जास्त मानते. लाडाची नावं किती चिवट असतात हे हजेरीपटाने मला दाखवलंय. पटावर सुंदर, तीन अक्षरी नाव, आणि हाक मारली तर मुलगी वळून बघायची नाही, कारण घरी ती बेबी किंवा माऊ असायची.

आता मूळ भांडणाकडे येते. तुम्ही दोघांनी एकमेकांपुढे नावांच्या याद्या ठेवल्या आहेत. याद्या कधीच जुळत नाहीत. एकाने नाव म्हणायचं, दुसऱ्याने नाक मुरडायचं, असं पाच-सहा वेळा झालं की नावाऐवजी माणूसच नाकारला गेल्यासारखं वाटायला लागतं. म्हणून मी जोडप्याला पहिल्या दिवशी एकही नाव काढू देत नाही. दोघांनी वेगवेगळं बसायचं आणि चार ओळी लिहायच्या: आपल्या मुलीला कुणी हाक मारेल तेव्हा मला काय हवंय, आणि मला कशाची भीती वाटते.

काही वर्षांपूर्वी नाशिकचं एक जोडपं आलं होतं. तिला गोदावरीच हवं होतं, त्याला सिया किंवा टिया. पाच आठवडे घरात धुसफूस चालली होती. मी दोघांना कागद दिले. त्याने लिहिलं, माझं नाव पणजोबांचं. शाळेत त्यावरून मला रोज चिडवायचे. पुढे परदेशातल्या पहिल्या नोकरीत साहेबाला ते म्हणता येईना, म्हणून त्याने मला दुसरंच नाव दिलं आणि मी चार वर्षं त्या नावाला ‘ओ’ देत राहिलो. तिने लिहिलं, आजीने दुसऱ्यांच्या शेतात खुरपून माझ्या फिया भरल्या. ती गेली तेव्हा माझी परीक्षा चालू होती, मला शेवटचं भेटता आलं नाही. दोघांनी कागद बदलून वाचले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. पाच आठवड्यांत हे दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, हिला जुनाट नावांचं वेड आहे. तिला वाटत होतं, ह्याला आपल्या माणसांची लाज वाटते. नंतर ‘गोदा’ हे नाव त्यानेच सुचवलं. दोनच अक्षरं, कुठेही अडखळत नाही, आणि आजी त्यात पूर्ण आहे. दक्षिणेत आंडाळ या संत कवयित्रीला गोदा म्हणतात हे त्याला त्याच्या एका तमिळ मित्राकडून नंतर कळलं, तेव्हा मला सांगायला त्याने मुद्दाम फोन केला होता.

तुमच्याही घरात असंच काहीतरी न बोललेलं असणार असं मला वाटतं. बाळाच्या बाबांना विचारा, ‘कुठल्याही देशात चालेल’ हे त्यांना इतकं का महत्त्वाचं आहे. बाहेर जायचं ठरतंय का? की त्यांच्या स्वतःच्या नावाचं कधी कुणी काही केलंय? आणि तुम्ही स्वतःला विचारा. तुमच्या तीन नावांपैकी दोन थेट आळंदीच्या वाटेने जातात. मुक्ताबाई ज्ञानदेवांची धाकटी बहीण आणि इंद्रायणी त्यांच्या समाधीपाशी वाहणारी नदी. घरात वारी आहे का? की लहानपणी कुणी अभंग म्हणत झोपवलंय? ते कारण बोलून दाखवा. ‘मराठमोळं हवं’ एवढं म्हटलं की समोरच्याला तो फक्त हट्ट वाटतो.

‘आपलं’ आणि ‘आधुनिक’ या दोन शब्दांनी फार गोंधळ केलाय, म्हणून तुमच्या याद्या जरा कानाने तपासू. मायरा, कियारा, शनाया. तिन्हींत तीन-तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, य आणि र यांसारखे मऊ वर्ण, शेवटी मोकळा ‘आ’. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथात मुलीच्या नावाविषयी नियम आहे की अक्षरं विषम असावीत आणि नाव आकारान्त असावं. या मोजमापाने बाबांची तिन्ही नावं बसतात. तुमचं मुक्ता दोन अक्षरांचं, इंद्रायणी चार अक्षरांचं आणि ईकारान्त, शर्वरीची अक्षरं विषम पण शेवटी ई. याचा अर्थ त्यांची नावं चांगली आणि तुमची नाहीत असा मी मुळीच घेत नाही. नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असं मनुस्मृतीत आहे, आणि आपल्या घराघरांतून रोहिणी, रेवती, तुळसा, कृष्णा, गोदावरी पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. लोकांनी नियम बाजूला ठेवला आणि नद्या घरात आणल्या, हे फार चांगलं झालं. मला दाखवायचंय ते एवढंच, की बाबांच्या कानाला जे गोड लागतंय ते परकं नाही. आकारान्त, तीन अक्षरांचं, मऊ नाव हा आपल्याकडचाही फार जुना कान आहे.

अर्थाचं म्हणाल तर थोडं स्पष्ट बोलते. मायरा आणि शनाया या शब्दांना संस्कृतात किंवा मराठीत मूळ सापडत नाही. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये जवळजवळ प्रत्येक नाव लक्ष्मीचं नाहीतर दुर्गेचं असतं. त्यांवर विसंबू नका. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश उघडून शब्द स्वतः पाहा. पानावर नसेल तर नाही. कियाराची गोष्ट वेगळी आहे. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ उजळ, स्वच्छ. असिसीच्या संत क्लेअर, ज्यांचा जन्म ११९४ चा, त्यांचं मूळ नाव कियाराच. म्हणजे आपल्या आज्या-मावश्यांची विमल आणि उज्ज्वला ही नावं अर्थाने कियाराची सख्खी बहीण लागतात. बाबांना अर्थ आवडला असेल तर तो अर्थ आपल्याकडे भरपूर आहे, आणि नुसता आवाज आवडला असेल तर तसं मोकळेपणाने म्हणावं, त्यात गैर काही नाही.

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी ‘माझ्या नावाचा अर्थ’ लिहून आणायला सांगायचे. एका वर्षी एक मुलगी कोरी वही घेऊन आली. घरी कुणालाच सांगता आलं नव्हतं, आणि तिने कोश पाहिला तर तिथेही नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. आई म्हणाली, ‘सातव्या महिन्यात बसमध्ये एका बाईने आपल्या लेकीला या नावाने हाक मारली, आणि पोटात बाळ हललं.’ मुलीने दुसऱ्या दिवशी दोन पानं लिहून आणली. तेव्हापासून मी अर्थ नसलेल्या नावाला नाही म्हणत नाही. पण अर्थ नसेल तर गोष्ट तरी असू दे, आणि ती खरी असू दे. खोटा अर्थ मुलीला सांगू नका. अकरा-बाराव्या वर्षी ती स्वतः शोधते आणि तिला सगळं कळतं.

याच धड्यात शर्वरी नावाच्या मुलींना आपल्या नावाचा अर्थ रात्र आहे हे कळायचं, आणि बहुतेकींच्या घरी तो कुणी सांगितलेला नसायचा. मला स्वतःला तो अर्थ फार आवडतो. पण तुमच्या यादीत ते नाव आहे, तर माहीत असू दे.

सासूबाईंच्या ‘द’कडे येते, कारण इथे घरं विनाकारण दुखावली जातात. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाचे चरण म्हणजे भाग चार, प्रत्येक चरणाला एक अक्षर, मिळून १०८ चरणाक्षरं. त्यांत ‘द’ एकटा येत नाही. ‘दा’ आणि ‘दी’ पूर्वाभाद्रपदेत, ‘दू’ उत्तराभाद्रपदेत, ‘दे’ आणि ‘दो’ रेवतीत. तेव्हा आधी नेमकं अक्षर कोणतं ते विचारून घ्या. दुसरं म्हणजे या १०८ अक्षरांत ङ, ञ आणि ण हेसुद्धा आहेत. त्यांवरून मुलीचं नाव कोण ठेवणार? म्हणजे ज्यांनी ही पद्धत बांधली त्यांनाही चरणाक्षराचं नाव हेच हाक मारायचं नाव असावं असं अभिप्रेत नव्हतं. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं वेगळी सांगितली आहेत. महाराष्ट्रात तर पत्रिकेतलं नाव एक आणि व्यवहारातलं दुसरं, ही अगदी सर्रास चालणारी रीत. म्हणून सासूबाईंना सांगा, ‘आई, जन्मनाव तुम्ही ठरवायचं. पत्रिकेत तेच लिहू आणि बारशाला पाळण्यात पहिलं तेच घेऊ.’ नुसतं समजुतीसाठी म्हणून सांगू नका, खरंच त्यांच्या हातात द्या. ज्या आजीच्या हातात एक नाव पूर्णपणे दिलेलं असतं ती दुसऱ्या नावात सहसा अडून बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

नणंदबाईंनी सुचवलेल्या जोडनावाबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. आत्याला नावात आपला वाटा हवा असतो, कारण कानात कुर्र करायचा मान तिचा. तो मान तिला थाटात द्या. पण आईचं एक अक्षर आणि बाबांचं एक अक्षर चिकटवून जो शब्द होतो त्याला बहुतेक वेळा ना अर्थ असतो ना लय, आणि मुलीचं नाव म्हणजे आईबाबांच्या लग्नाची खूण होऊन बसते. आता तर त्याची गरजही उरलेली नाही. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारच्या कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. तुम्ही दोघंही तिच्या नावात अख्खे, न तोडता, आधीच आहात.

या नव्या क्रमाने नाव निवडताना एक वेगळी परीक्षा आणली आहे, आणि ती अजून फार थोडे लोक घेतात. पूर्वी मुलीच्या नावाशेजारी वडिलांचं नाव यायचं, आता आईचं येतं. चार शब्द सलग, मोठ्याने म्हणून पाहा. आई रेवती असेल आणि मुलगी रेवा, तर जीभ तिथेच घुटमळते. आई उमा आणि मुलगी रमा असेल तर दोन्ही नावं एकमेकांत मिसळून जातात. आईचं नाव लांब, जोडाक्षरांचं असेल तर मुलीचं छोटं शोभतं, आणि आईचं छोटं असेल तर इंद्रायणीसारखं लांब नाव आरामात बसतं. तुमचं स्वतःचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे ही परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागेल.

बाहेरच्या देशांत चालणारं नाव हवं, ही बाबांची अट मला रास्त वाटते, पण ती नीट समजून घ्यायला हवी. रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांना वेगळी अक्षरं नाहीत, आणि अ-आ मधला फरकही साध्या लेखनात दिसत नाही. रमा आणि रामा एकच होतात. मुक्ताची मुक्टा होईल, इंद्रायणीची इंड्रायनी. देश सोडायचीही गरज नाही. बंगालमध्ये वसुधाची बोशुधा होते. ज्ञानदाला हिंदीत ग्यानदा म्हणतील. ऋतुजाची तिथे रितुजा होते. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे. म्हणून बाहेर जायची शक्यता खरीच असेल तर म, न, र, ल, स, व, य हे वर्ण आणि मोकळे स्वर असलेली नावं सोयीची. शक्यता नुसती मनातच असेल, तर त्यासाठी आवडीचं नाव सोडू नका. मुक्टा म्हणणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी मुक्ता म्हणायला पाच वर्षांची मुलगी शिकवू शकते.

तुमच्या प्रश्नात मुलीच्या नावाबद्दल आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती माझ्या फार जवळची आहे. माझ्या आईला माहेरी एका नदीचं नाव होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं आणि नदी तिथेच संपली. मी दहा-अकरा वर्षांची असताना मामा घरी आला आणि दारातूनच त्याने एका अनोळखी बाईला हाक मारली. आई हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून धावत गेली. तिचं ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिच्या पिढीत आईबापांनी विचार करून ठेवलेलं मुलीचं नाव अठरा-वीस वर्षांपुरतंच असायचं. त्याहून वाईट नावंही आपण मुलींना दिली. मुलगा हवा असताना मुलगीच झाली म्हणून नकोशी, नकुसा. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी शाळकरी वयाच्या होत्या. तुमच्या घरात दोन महिन्यांच्या मुलीच्या नावासाठी चार मोठी माणसं जीव तोडून भांडताहेत. मला त्याचा मनापासून आनंद झाला. हे नाव ती स्वतःच्या सहीत आयुष्यभर वापरणार आहे, म्हणून ते तुम्हा दोघांनाही पटलेलं असावं.

आता ठरवायचं कसं ते सांगते. अंतिम शब्द आईबाबांचा, आणि दोघांचा मिळून. ‘हे नाव मला नकोच’ असं दोघांपैकी कुणीही म्हटलं की ते नाव सुटलं, कारण विचारायचं नाही. एखाद्या नावामागे शाळेतला, जुन्या ओळखीतला कडवटपणा असतो आणि तो सांगावासा वाटत नाही. हा नकाराचा हक्क फक्त तुम्हा दोघांचा. आजी-आजोबा, आत्या, मामा नावं सुचवू शकतात, खोडू शकत नाहीत. आणि ‘या वेळी तुझं, पुढच्या बाळाला माझं’ असा सौदा करू नका. पुढचं बाळ होईल न होईल, पण या मुलीच्या नावावर एक न फेडलेलं देणं राहून जातं. असं एक घर मी पाहिलंय. मुलगी नववीत असताना भांडणात ते देणं बाहेर आलं, आणि ते तिने ऐकलं.

कागद लिहून झाले, ते एकमेकांनी वाचले, की दोघांनी मिळून पाच-सहाच नावं काढा आणि ती तोंडाने तपासा. एक नाव चार-पाच दिवस खरोखर वापरून पाहा. अंघोळ घालताना, दूध पाजताना, रात्री तीन वाजता ती रडत असताना. गॅलरीतून हाक मारा. रागावून म्हणा. मराठी घरात कुठलंही नाव अख्खं राहत नाही, तेव्हा ते तुटून काय होतं तेही ऐका. मुक्ताची मुक्ते होईल, इंद्रायणीची इंदू, शर्वरीची शरू. ते तुकडे आवडत नसतील तर अख्खं नावही पुढे जड होईल. त्या भागातल्या बालवाडीत गेल्या दोन-तीन वर्षांत कोणती नावं जास्त आहेत ते बाईंना विचारून घ्या. माझ्या शेवटच्या वर्षांत एकाच वर्गात तीन आराध्या आणि दोन स्वरा होत्या, आणि दिवसभर त्या आडनावाच्या पहिल्या अक्षराने ओळखल्या जायच्या.

तुमच्या दोन याद्यांच्या मध्ये मला काय दिसतं तेही सांगते, निर्णय अर्थातच तुमचा. मायराच्या कानाला मीरा, तारा, इरा आणि रेवा जवळची वाटतात. इरा म्हणजे पृथ्वी, पाणीही. रेवा हे नर्मदेचं नाव. नीरासुद्धा सुंदर आहे, आणि ती पुण्याच्या बाजूचीच नदी, पण लोक पेयाची आठवण काढतील हे गृहीत धरा. सासूबाईंचं अक्षर ‘दू’ निघालं तर दूर्वा आहे; ‘दे’ निघालं तर देविका.

पण ज्या नावापाशी मी थांबले ते सोयरा. म्हणून पाहा: मायरा, सोयरा. तशीच तीन अक्षरं, तोच य, तोच र, तोच मोकळा आ, एकही जोडाक्षर नाही. बाबांच्या कानाला जे हवंय ते सगळं त्यात आहे. आणि तुम्हाला जे हवंय तेही, कारण सोयराबाई म्हणजे चोखोबांची पत्नी, आळंदी-पंढरीच्या त्याच वाटेवरची संत कवयित्री. सोयरा म्हणजे आपलं माणूस, नात्यातलं. घरातली वडीलधारी मंडळी दोन हरकती घेतील हे आधीच सांगून ठेवते. एक, सोयरा हा शब्द एरवी पुल्लिंगी आहे. दुसरी जास्त बोचेल: ऐकताना ‘सोयर-सुतक’ आठवतं. दुसऱ्या हरकतीचं उत्तर खुद्द सोयराबाईंनीच देऊन ठेवलंय. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळं कोण राहिलं, असं त्या आपल्या अभंगात थेट विठ्ठलासमोर विचारतात. मुलीने सातवीत ‘माझ्या नावाचा अर्थ’ लिहायला घेतला तर तिला दोन पानं पुरायची नाहीत. तरीही नाव चार दिवस वापरून पाहा आणि दोघांपैकी एकालाही ते जड वाटलं तर सोडून द्या.

नाव ठरलं की ते घालायला सांगलीला जावं लागेल हे लक्षात ठेवा, पुण्याला नाही. जिथे जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातच नाव चढतं, आणि माहेरी बाळंतपण झालेल्या बऱ्याच घरांना हे पुण्याच्या खिडकीवर रांग लावल्यावर कळतं. जाण्याआधी नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत एका कागदावर स्वच्छ लिहून न्या. रोमन स्पेलिंग साधं ठेवा. अंकशास्त्रासाठी जादा अक्षर घातलं की पुढे आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, असं होत राहतं. तिथे छापलेला मजकूर दाखवतील तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बोट ठेवून वाचा. इराची ईरा आणि दूर्वाची दुर्वा तिथेच होते. आणि आईचं नाव दुसऱ्या जागी बरोबर आलंय ना, तेही बघा.